सुनिलला ठाऊक असलेला पत्ता

मित्रांनो, मी एक जुना ईमेल प्रोग्राम आहे. ज्याला हात नाहीत, पाय नाहीत, त्याचं कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. पण मुलचेऱ्याच्या पुढं, सागाच्या जंगलातल्या एका गावात, ग्रामसभेच्या कॉम्प्युटरवर मी राहतो. माझ्याइतकं एकटं त्या गावात आणखी एकच माणूस आहे, ती बुधरीबाई.

माझा जन्म दूरच्या शहरातला. इथे आलो तेव्हा मला बघायला अख्खं गाव लोटलं. ग्रामसभेचे सचिव पत्रूभाऊ यांनी मॉनिटरला हळद लावली. या गावाची रीत अशी, की सभेचा सगळा कारभार उघडा. तेंदूपत्त्याचा भाव भिंतीवर रंगवायचे, त्याखालीच त्यांनी माझा पासवर्डही रंगवला!

“गावाचा हाये, मंग लपवाचं काऊन?” पत्रूभाऊ म्हणाले. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू!

ते दिवस सुखाचे होते. व्यापारी मला लिहायचे, पोरांच्या कॉलेजची पत्रं यायची. बुधरीबाईचा एकुलता एक सुनिल पुलाच्या कामावर दक्षिणेत गेला होता. तो कंपनीच्या कॉम्प्युटरवरून लिहायचा आणि इथे ग्रामसभेचा कॉम्प्युटर सांभाळणारी प्रिया वाचून दाखवायची. ‘माय, बरा हाओ. इथली भाजी लय आंबट रायते.’ बुधरीबाई तेवढंच पुन्हा वाचायला लावायची.

मग सुनिलचं लिहिणं थांबलं. प्रियानं पाठवलेली उत्तरं परत आली, तिकडचा तो पत्ताच बंद झाला होता. तरी बुधरीबाई दर बाजाराच्या दिवशी यायची.

“आला का, बाई?”

“नाई, बुधरीबाई.”

एवढंच बोलणं व्हायचं. ती पदरानं माझी काच पुसायची आणि निघून जायची. तिला धीर द्यावा असं फार वाटायचं, पण मला वाचा कुठली!

एका उन्हाळ्यात घात झाला. भिंतीवरचा पासवर्ड कुणीतरी टिपून नेला आणि गावाच्या नावानं व्यापाऱ्यांना कळवलं, ‘यंदा तेंदूपत्ता विकायचा नाही.’ कुणी फिरकलं नाही. पानं झाडावरच जून झाली, बायाबापड्यांचा हंगाम बुडाला. तो खोटा निरोप माझ्याच हातून गेला. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रियानं मग दोनचार प्रोग्राम पारखून एक निवडला. तो नुसत्या पासवर्डवर दार उघडत नाही, मोबाइलवरही विचारून घेतो. संशयाचं पत्र बाजूला काढतो. माझी डागडुजी तर मला बनवणाऱ्या कंपनीनं केव्हाच सोडून दिली होती.

मला बंद करून नवा घ्यायचा का, हे ठरवायला सभा भरली. इथे मतं मोजत नाहीत. एकानं जरी नाही म्हटलं, तरी निर्णय अडतो. बाकी सगळ्यांनी होकार दिला आणि बुधरीबाई उभी राहिली.

“मी नाई म्हणतो.”

“काऊन, बाई?” पत्रूभाऊंनी विचारलं.

“माह्या पोराले हाच पत्ता मालूम हाये. त्यानं घरी लिवलं अन् घरच नसलं, तं?”

प्रिया म्हणाली, “जुना बंद नाई करत, बाई. गावाचा कारभार नव्यात नेतो. याचा पासवर्ड बदलवून याले निस्ता वाट पाहाले ठेवतो. कोणी लिवलं का आपोआप जवाब जाईन. काय लिवू जवाबात?”

बुधरीबाईनं सांगितलं. मग खाली बसून तिनं होकार दिला.

त्या दिवशी भिंतीवर चुना फिरला. माझी महत्त्वाची पत्रं नव्या घरी गेली. आता प्रिया बाजाराच्या दिवशी तेवढं मला उघडते, बुधरीबाई काच पुसते. एरवी माझ्याकडे कुणी बघत नाही. नव्या प्रोग्रामचा मला राग नाही, तो खरंच माझ्याहून चांगला राखणदार आहे. पण करमत नाही, हे खरं.

मित्रांनो, घराला कुलूप भक्कम लावा, किल्ली भिंतीवर टांगू नका. मात्र घर बदलताना, दूर गेलेल्याला नवा पत्ता कळेल अशी सोय करून जा.

माझ्याकडे आता जाहिरातींशिवाय काही येत नाही. कालही कुणी गाद्या विकणाऱ्यानं लिहिलं होतं. मी लगेच त्याला उत्तर धाडलं, ‘सुनिल, माय इथीच हाये. नवा पत्ता खाली लिवला हाये.’