सकाळचे दोन तास

या मंडळी, जवळ सरकून बसा. एका भिंतीची आणि दोन हट्टी शेजाऱ्यांची गोष्ट सांगतो. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या सूरकाकांच्या भिंतीपलीकडे पत्रेवाले मामा डबे ठोकायचे. त्या दणदणाटात काकांना सूर जुळवता येईना. गिऱ्हाइकं तुटली, दुकान बंद पडायची वेळ आली. काका दावा ठोकायला निघाले, तर वकीलबाई म्हणाल्या, "दाव्यात वर्षं जातील. आधी दोघं वाद समजुतीनं मिटवणाऱ्या मध्यस्थबाईंसमोर बसा."

दोघे बसले, पण तोंडं फिरवून!

मध्यस्थबाईंनी विचारलं, "काका, शांतता लागते तरी किती वेळ?"

"सकाळचे दोन तास. मग कान थकतात; पुढे नुसतं लाकूडकाम."

मामा ताडकन उठले. "अहो, मग सकाळी मी पत्रा आखीन, कापीन! ठोकाठोक नंतर! इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमच्या दणदणाटात ऐकलं कुणी असतं?"

दोघंही खो खो हसले आणि तिथल्या तिथे समझोत्यावर सह्या झाल्या. दुसऱ्या सकाळी पहिलाच सूर असा लख्ख लागला, की काकांचे हात आपोआप जोडले गेले!

मंडळी, कुणाशी बिनसलं, तर कोर्टाची पायरी चढण्याआधी त्या साधा प्रश्न विचारणाऱ्या बाईंची आठवण काढा.