घरी काय लावलंत?

"लाल झालं! लाल झालं गं बाई!"

लाँड्रीतल्या यंत्रांना जेवणाची सुट्टी होती आणि इस्त्रीच्या लांब टेबलाभोवती पंधरा बायका एकमेकींच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. मधोमध शीतलमाई. अंगावर पांढरेशुभ्र कपडे (धुलाई याच लाँड्रीत, अर्थातच फुकट) आणि हातात ओला पिवळा रुमाल. तो ज्या तळहातावर टेकवावा, तिथे लालभडक व्हायचा.

"ही तुझी उष्णता!" माई डोळे मिटून सांगत होत्या. "हाडात मुरलीय. डॉक्टरांच्या यंत्रांना दिसते का ही? नाही दिसायची! त्यांची यंत्रं विजेवर चालतात, माझा रुमाल निसर्गावर!"

रुमाल निसर्गावर चालतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कुणीही विचारलं नाही. अशा ठिकाणी जी विचारते तीच सगळ्यात उष्ण निघते, हा बायकांना अनुभव होता.

पंधरापैकी चौदा जणी लाल निघाल्या. एकटी काउंटरवर पावत्या फाडणारी पोरगी पिवळी राहिली. "तू अजून कोरी आहेस, बाळ," माई म्हणाल्या, तर त्या बिचारीला उगाच कमीपणा वाटला. बाकीच्यांनी शीतल चूर्णाचे डबे उचलले.

"अठ्ठावीस मुळ्या, एकही रसायन नाही! डॉक्टरांच्या गोळ्या म्हणजे नुसतं विष! सहा महिने घ्यायचं. मध्ये सोडलंत तर उष्णता दुपटीनं उसळेल. आणि डॉक्टरांना सांगायचं नाही हं, गुण उतरतो."

किती सोयीचा गुण!

डागमावशींचा हा चौथा डबा. लाँड्रीतल्या डाग काढण्याच्या टेबलावर त्यांनी बावीस वर्षं काढली होती, म्हणून हे नाव. शाई असो, गंज असो, तेल असो, मावशी नुसत्या वासावरून ओळखत. टेबलावर त्यांच्याच हातची पाटी होती: "घरी काय काय लावलंत ते आधी सांगा." पाळी गेल्यापासून मात्र अंगातून अशा झळा उठायच्या की दोनदा गिऱ्हाइकाचे कपडे त्यांच्या हातून करपले होते. चूर्णानं झळा पळाल्या, झोप लागली. त्यामुळे माईंच्या शब्दाबाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि मग, पाळी जाऊन सव्वा वर्ष झाल्यावर, अचानक रक्त जायला लागलं. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची आई अशाच दुखण्यानं गेली होती.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आधी रक्त का जातंय ते शोधू. ते नीट निघालं तर झळांसाठी हार्मोनचं औषध देता येईल, माझ्या देखरेखीखाली. सध्या दुसरं काही घेता? चूर्ण, काढा, जडीबुटी?"

"छे! काही म्हणजे काही नाही हो," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ पांढरा सदरा घेऊन आले. छातीवर डाग, मध्ये पिवळा, कडेनं लाल.

"घरी काय लावलंत?"

"काही नाही हो."

मावशींचं डोकं फिरलं. "काही नाही? हळदीचा डाग आपोआप लाल होतो का? त्याला साबण नाहीतर सोडा लागावा लागतो! वर आणखी कसलं पाणी ओतलंत तेही सांगून टाका. एकावर एक रसायनं पडली की कापड हातात येतं चिंधी होऊन! खोटं कशाला बोलायचं? मी काय तुम्हाला खाणार होते?"

एवढं बोलून मावशींनी जीभ चावली. गृहस्थ सदरा तिथेच टाकून पळाले ते त्यांना कळलंही नाही. त्या आपल्या तळहातांकडे बघत उभ्या होत्या. दिवसभर धुण्याच्या सोड्यात बुडालेले हात. पिवळा रुमाल. आणि पावत्या फाडणारी ती एकटी कोरी पोरगी!

बावीस वर्षं दुसऱ्यांचे हळदीचे डाग काढले आणि स्वतःच्या हातावरचा ओळखता आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी डबा घेऊन त्या दवाखान्यात हजर झाल्या. "मी खोटं बोलले," त्यांनी सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "झळा कितपत कमी झाल्या यानं?"

"जवळजवळ गेल्याच."

"मला त्याचीच धास्ती वाटतेय. आजपासून हे बंद. डबा तपासायला पाठवते. यात काय आहे ते कळेपर्यंत आणि ते अंगातून उतरेपर्यंत मी हार्मोन सुरू करणार नाही. एकावर एक नको."

"कळलं हो," मावशी म्हणाल्या. "आमच्या टेबलावरचंच आहे हे."

कळलं खरं, पण चार दिवसांत झळा परत आल्या. मावशी घाबरल्या. माईंचं खरं असलं तर?

गुरुवारी माई पुन्हा लाँड्रीत आल्या. मावशींचा तळहात धरून त्यांनी रुमाल टेकवला. लाल!

"चूर्ण सोडलंस ना? बघ, उसळली!"

"थांबा हं, माई." मावशी नळावर गेल्या, हात खळखळून धुतले, वर डाग काढायचा सिरका चोळला. "आता लावा बरं."

माईंनी रुमालाचा दुसरा कोरडा कोपरा भिजवून लावला. पिवळा तो पिवळाच.

"आणा तुमचा हात." माई नको नको म्हणेपर्यंत त्यांच्या गोऱ्यापान तळव्यावर सोड्याचं पाणी पडलंही होतं. रुमाल टेकला आणि चटकन लाल झाला.

"अगं बाई! माईंनाच चढली की उष्णता!" इस्त्रीवाली ओरडली.

"घाबरू नका, माई. उतरवते." मावशींनी त्या लालीवर चमचाभर सिरका ओतला. रुमाल पुन्हा पिवळा झाला. "सहा महिन्यांचं काम एका चमच्यात झालं. आणि तेही निसर्गावर!"

लाँड्री हसून हसून लोटपोट झाली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! माई कोरड्याही राहिल्या नाहीत. घामानं निथळत पिशवी उचलून निघाल्या. रुमाल मात्र टेबलावरच राहिला.

पुढच्या आठवड्यात चूर्णाचा अहवाल आला. अठ्ठावीस मुळ्यांच्या जोडीला हार्मोनच्या गोळ्यांची पूड! डॉक्टरांच्या ज्या औषधाला माई विष म्हणत होत्या तेच, फक्त मापाशिवाय, मनाला येईल तसं कालवलेलं. म्हणून तर गुण येत होता.

"त्यानंच गर्भाशयाचं अस्तर जाड झालं आणि रक्त गेलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुकडा तपासलाय. वाईट काही नाही. पण तुम्ही गप्प राहिला असतात, तर मला कारणच कळलं नसतं. आणि याच्यावर मी माझा डोस दिला असता."

मावशी तिथेच खुर्चीत रडल्या. सुटल्यासारखं वाटून रडल्या. तीन महिन्यांनी, पुन्हा तपासण्या करून, त्यांचं खरं औषध मोजून मापून सुरू झालं. तोपर्यंत झळा आल्या, त्या त्यांनी ओल्या फडक्यानं आणि शिव्यांनी काढल्या.

उरलेल्या तेरा जणींना मावशींनी एकच सांगितलं. "मुळी खायची का गोळी, हे भांडण नंतर. पोटात काय जातंय ते आधी माहीत हवं. जो म्हणतो डॉक्टरांना सांगू नका, त्याच्याकडेच लपवण्यासारखं काहीतरी असतं. चला, डबे उचला!" तेरा जणी डबे घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंना त्या दिवशी जेवायला फुरसत मिळाली नाही.

डागमावशींच्या टेबलावरची पाटी अजून आहे. "घरी काय काय लावलंत ते आधी सांगा." खाली खडूनं एक ओळ वाढली आहे: "डॉक्टरांनासुद्धा."