थेंबही न गळणारं पिंप

"माझ्यामुळेच ऋताला डेंग्यू झाला," या विचाराने तिच्या आईला, सुलेखाला, आठवडाभर झोप नाही. तिचं चुकतंय. तो झाला माझ्यामुळे. मी सिंगापुरात, बुकित तिमाह भागातल्या तिच्या घराच्या बाल्कनीतलं व्हिस्कीचं पिंप. खरं तर अर्धंच.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या डिस्टिलरीत मला ओकच्या फळ्यांतून बांधलं. गोदामाच्या भिंतीवर लाटा आपटायच्या. खारा वारा आमच्या अंगात मुरायचा. मला बांधणारा म्हातारा हातोडीने ठोकून म्हणाला होता, "गळलास तर नाक माझं कापलं जाईल." तीस वर्षं मी व्हिस्की सांभाळली. त्यातली थोडी हवेत उडायची. तिथली माणसं म्हणत, तो देवदूतांचा वाटा. पण मी गळलो नाही.

मग डिस्टिलरीच बंद पडली. करवतीने माझे दोन तुकडे झाले आणि मी कुंडी म्हणून सिंगापूरला आलो.

सुलेखाला माझ्यात कमळ लावायचं होतं. पहिले चार दिवस मी लाज आणली. प्रवासात वाळलेल्या फळ्यांतून पाणी झिरपत राहिलं. ती भरत राहिली. फळ्या फुगल्या, फटी मिटल्या. तिने लगेच जहाजावरच्या नवऱ्याला फोन लावला.

"परेश, आता थेंबही गळत नाही!"

"धन्य आहेस. व्हिस्कीच्या पिंपात पाणी भरणारी तूच!"

त्यानंतर तिने मला कधी रिकामं केलं नाही. वाळलं तर पुन्हा गळेल, ही धास्ती. विजेचं बटण, शाळेची बस, द्राक्षातली बी, सगळ्याला घाबरणाऱ्या या बाईने कमळाच्या पानांखाली मात्र पाहिलं नाही. मीही आपल्या न गळण्यावर खूश होतो. आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

ऋता नोव्हेनाच्या हॉस्पिटलात असताना घरोघरी डास शोधणारा सरकारी तपासणीवाला आला. त्याने टॉर्च मारून अळ्या दाखवल्या आणि मला ओतून रिकामं केलं. म्हाताऱ्या, एखादी फट ठेवली असतीस तर बरं झालं असतं रे.

उद्या मला टाकून देणार आहेत. द्यावंच. फक्त पोरीची माफी मागायची राहिली.

आज ती घरी आली. पाच वर्षांची, हातावर सुयांचे निळे डाग. सुलेखा तिला घेऊन माझ्याजवळ बसली.

"ऋतू, आईचं चुकलं गं. या पाण्यात डासांची पिल्लं होती. मला दिसलीच नाहीत."

ऋताने माझ्या कोरड्या तळाशी डोकावून पाहिलं.

"मला दिसली होती. आय थॉट बेबी फिश, लाह," ती शाळेतल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "मी रोज बिस्किट घालत होते."