विहारातली पौर्णिमा आणि समुद्रातली

वर्षावास संपला की आमच्या विहारात राजाच्या दानाची कथा गाऊन सांगतात. पहाटे सुरू होते ती दिवेलागणीपर्यंत चालते. अध्यायागणिक गाणारे भिक्खू वेगळे, चालही वेगळी. त्यात बाप आपली दोन्ही मुलं दान देऊन टाकतो, त्या अध्यायाला मी परकर नेसायला लागल्यापासून रुमाल घेऊन जाते, आणि तो रुमाल अजून एकदाही कोरडा घरी आलेला नाही.

नेमक्या त्याच दिवशी माझ्या लेकीनं मला समुद्रावर पाठवलं.

ती फुकेतला हॉटेलात कामाला असते. तिथे कामाला असणाऱ्यांच्या आयांना म्हणे होडीच्या सहलीत जागा मिळते. "आई, जन्मभर त्या समुद्रातल्या डोंगरांसमोर बसून शेवया विकल्यास," ती म्हणाली, "एकदा त्यांच्या पोटात तर शिरून ये!"

"अगं, पण मुलांचा अध्याय?"

"तो भिक्खूंच्या जेवणानंतर, एक वाजता. सकाळची फेरी आहे, तू बाराला धक्क्यावर. विहार तिथून हाकेच्या अंतरावर. अजून काही?"

अजून काय असणार? तांदळाच्या शेवयांची गाडी शेजारणीवर सोपवली आणि गेले.

मोठी बोट हारूनची होती. हा माणूस पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या मुसलमान कोळ्यांच्या गावचा, पोट सुटलेला, तोंडाचा तिखट. बोटीच्या नाकावर एक वाळकासा माणूस उन्हात वाकून झेंडूचा हार बांधत होता आणि होडीला राखणाऱ्या मातेला हात जोडत होता.

"बांध, बांध," हारून सुकाणूवरून म्हणाला. "हार तुझा, डिझेल माझं. बघू बोट कशानं चालते."

"दोन्हीनं चालते म्हणून तर इतकी वर्षं बुडाली नाही, बांग हारून," तो माणूस म्हणाला. बांग म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ. मग माझ्याकडे वळून, "मावशी, मी समरित. गुहेत शिरताना तुम्ही माझ्या छोट्या होडीत."

बाकीची पाहुणे मंडळी परदेशी होती. त्यांच्यासाठी तरणे वल्हेकरी होते. मी एकटीच इथली, म्हणून मला सगळ्यात जाणता माणूस दिला असावा. किंवा माझं वजन बघून.

मी पहिलाच प्रश्न विचारला, "एक वाजायच्या आत विहारात पोचेन ना मी? मुलांचा अध्याय आहे."

समरितचा हात हारावर थांबला. "कोण गाणार आहे ठाऊक आहे का, मावशी?"

"कोणी नवे भिक्खू आहेत म्हणे. तरुण आहेत."

"आमचे भंते आहेत ते."

"आमचे म्हणजे?"

"म्हणजे..." तो हसला, लाजलाच म्हणा ना. "माझ्या घरचे. थनित. पावसाळ्यापुरती चीवरं घेतलीत. पुढच्या आठवड्यात उतरवतील आणि परत बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागतील. पोटचं पोर, पण आता आम्हीच त्यांच्या पाया पडतो."

"मग तू आज इथे काय करतोयस?"

"घरी बसलो असतो तर काळजीनंच गेलो असतो. आमच्या भंतेंचा गळा गोड आहे, पण श्वास पुरत नाही. बाप मुलांना हाका मारतो त्या टाहोच्या ओळीला येऊन थांबतात ना, ते थांबतातच. मी समोर बसतो, श्वास घ्यायची जागा आली की हाताचं बोट वर करतो. ते बघून ते पुढे जातात. काल म्हणाले, 'योम, तुम्ही समोरच्या खांबापाशी बसा. तुम्ही दिसला नाहीत तर माझ्याच्यानं होणार नाही.'" योम म्हणजे उपासक. चीवर अंगावर असताना पोरगा बापाला असंच म्हणतो.

समरितनंही पोरवयात हाच अध्याय गायला होता. मुलाला त्यानंच शिकवला, तोही गुहांमध्ये. संध्याकाळी पाहुणे गेले की बापलेक होडी आत घालायचे आणि काळोखात गात बसायचे. थोरले भंते कुरकुरले होते म्हणे, की गुहेत आवाज आपोआप लांबतो. गुहेच्या भरवशावर वाढवलेला गळा सभामंडपात उघडा पडेल.

"तू काळजी करू नकोस," मी म्हटलं. "आपण दोघं एकदमच जाऊ. तू खांबापाशी, मी तुझ्या मागे."

डोंगर जवळ आले. लांबून मी त्यांना रोज बघते, पण जवळून ते निराळेच. चुनखडीचे उभे कडे पाण्यातून थेट वर गेलेले, खालून समुद्रानं कुरतडलेले. रबरी कॅनू पाण्यात सोडल्या. एकेक करून सगळ्या एका भोकात शिरल्या, शेवटी आमची.

"लवकर आवर रे," हारून मागून ओरडला. "पाणी चढतंय."

"वेळ आहे!" समरितनं न बघता हात हलवला. "माझी भरती मला ठाऊक आहे."

आत काळोख. डोक्यावरच्या छतावर कालवांची पांढरी कवचं चिकटलेली, सुऱ्यांसारखी धारदार. "झोपा मावशी. अजून. नाकसुद्धा खाली." मी उताणी पडले आणि छत माझ्या तोंडावरून सरकत गेलं. हात जोडायचंही भान राहिलं नाही, मनातच म्हटलं, बुद्धा, इथून सोडव, उद्या विहाराचं अंगण झाडीन.

आणि एकदम उजेड!

आमचे लोक त्याला खोली म्हणतात. डोंगराच्या मधोमध पोकळी, वर आभाळाचा गोल तुकडा, चारी बाजूंना झाडांनी लगडलेले कडे, खाली हिरवं, स्तब्ध पाणी. कडेला तिवरांची मुळं, चिखलात उड्या मारणाऱ्या निवटी मासळ्या टुणटुणत होत्या. वर एक घार फिरत होती. मला एकाएकी वाटलं, दान दिलं जाईल या भीतीनं कथेतली मुलं लपतात ते तळं असंच असणार. तसं मी समरितला म्हटलं तर तो म्हणाला, "मी भंतेंना नेमकं हेच सांगितलं होतं. डोळे मिटले की हे पाणी आठवायचं."

बोलत बोलत आम्ही कडेकडेनं फिरलो. बाकीच्या होड्या परतल्या. समरितनं मला तिवराचं फळ दाखवलं, माकडीण आणि तिचं पिल्लू दाखवलं. मग आम्ही भोकाकडे वळलो आणि त्याचं वल्हं थांबलं.

भोक जवळजवळ सगळं पाण्याखाली गेलं होतं. पाण्यावर जेमतेम वीतभर फट.

"असं कसं?" तो पुटपुटला. "पौर्णिमेची भरती. अजून तासभर तरी..."

फटीतून हारूनचा आवाज आला, घुमून घुमून जाड झालेला. "समरित! आहेस की बुडालास?"

"आहे! पाणी लवकर कसं आलं?"

"लवकर नाही, वेळेवरच आलंय! पौर्णिमा उद्या आहे, बाबा!"

"विहाराच्या पाटीवर आज आहे!"

"पाटी बघून समुद्र चढतो का? काल रात्री चंद्र बघितला मी, एका अंगानं चपटा होता. आम्ही चंद्र डोळ्यांनी बघतो, तुम्ही फळ्यावर!"

समरितनं कपाळावर हात मारून घेतला. तीन दिवस तो विहारात मंडप बांधत होता, केळीचे खांब रोवत होता, समुद्राकडे फिरकलाच नव्हता. आमच्या तिथीत आणि खऱ्या चंद्रात कधी कधी दिवसाचा फरक पडतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण त्याच्या डोक्यात त्या दिवशी एकच पौर्णिमा होती, मुलाची. त्यावरून त्यानं भरती मोजली होती. भरती रोज पाऊण-एक तासानं मागे सरकते, म्हणून एका दिवसाची चूक म्हणजे तासाभराची चूक.

"हवा काढू," तो म्हणाला. "होडी बसकी होईल, निघून जाऊ."

त्यानं झडपा उघडल्या. फुस्स करून होडी मऊ पडली आणि आम्ही दोघं त्यात भिजलेल्या भाकरीसारखे पसरलो. त्यानं तळव्यांनी छताला रेटत होडी आत घातली. कालवं माझ्या नाकापर्यंत आली, मग झग्याच्या बटणावर खरखरली. बटण तुटलं. शेवया खाऊन खाऊन हे पोट वाढलेलं, ते काय हवा काढून बसकं होणार?

"बास," मी म्हटलं, "माझं पोट पुढे येत नाही."

त्यानं मागे ओढली. तळवे फाटून रक्त येत होतं, तरी मलाच विचारलं, "लागलं का मावशी?"

बाहेरून हारून पुन्हा ओरडला, आता आवाज गुळण्या केल्यासारखा. "तू बुडी मारून ये! माझा मेहुणा मासळी घेऊन धक्क्याकडे चाललाय, तुला सोडेल! मावशींना पाणी उतरल्यावर मी घेतो!" मग गडप असा आवाज झाला आणि फट मिटली.

खोलीत एकदम शांतता. घारसुद्धा गेली होती.

"जा तू," मी म्हटलं.

"पाहुण्याला आत टाकून?"

"मी पाहुणी कसली? धक्क्यावरची सगळी माणसं माझ्याच शेवया खातात. मला मुळाला बांधून ठेव आणि जा. वर आभाळ आहे, खाली होडी आहे, मी नामस्मरण करत बसेन. तिकडे तुझं पोरगं खांबाकडे बघत असेल."

त्यानं होडीत हवा भरली, दोर एका जाड मुळाला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग पाण्यात उतरला. छातीपर्यंत गेला. भोकाकडे तोंड करून त्यानं मोठा श्वास घेतला, आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे चिखलात काहीतरी सपकन आपटलं. मेली निवटीच असणार. पण माझ्या तोंडून "अगं आई!" निघून गेलं. बारीकच, पण त्या कड्यांनी ते माझ्याभोवती तीनदा फिरवलं.

समरितनं मान वळवली. माझे हात मुळाला घट्ट आवळलेले होते, ते मलाही त्याच्या नजरेनंच कळलं.

तो परत आला आणि होडीच्या काठावर चढून बसला. "ओढ फार आहे," तो म्हणाला. "जमायचं नाही."

पाणी ताटातल्या पाण्यासारखं स्थिर होतं. मी मूळ सोडून त्याला जागा करून दिली.

मग आम्ही वाट बघितली. त्यानं डब्यातला चिकट भात आणि सुकी मासळी काढली, मी त्याच्या तळव्यांना माझा रुमाल फाडून बांधला. "हा रुमाल दुपारसाठी होता ना?" तो म्हणाला. मी म्हटलं, "दुपारी बाहीनं पुसेन." थोडा वेळ तो हसला आणि मग हसता हसता तोंड फिरवून बसला.

"गाऊन दाखव," मी म्हटलं. "तोच टाहो."

"आज नको, मावशी. आज ती ओळ त्यांची आहे."

पाणी उतरू लागलं तशी त्याची नजर भोकावरून हलेना. फट दिसली, बोटभर, वीतभर, मग हातभर. नाक खाली, पोट आत, आणि आम्ही बाहेर. हारूननं मला काखेत धरून बोटीवर ओढलं. शिव्या देणार होता, पण समरितचं तोंड बघून नुसतं इंजिन पेटवलं. परदेशी पाहुणे कंटाळून पेंगले होते. एक सोनेरी केसांची बाई मला टॉवेल देऊन गेली.

बोट एवढी जोरात गेली की नाकावरचा हार पाकळ्या पाकळ्या होऊन उडाला. धक्का दिसायला लागला तेव्हा एक वाजून गेला होता. आणि पाण्यावरून, विहाराच्या भोंग्यातून आवाज आला. तरुण, कोवळा, थोडा नाकात.

"सुरू झालं," समरित म्हणाला.

हारूननं कुणी न सांगता इंजिन बंद केलं. बोट आपल्या वेगानं सरकत राहिली. मी त्याच्याकडे बघितलं तर तो म्हणाला, "इंजिनाच्या आवाजात ऐकू येणार आहे का त्याला काही?"

बाप मुलांना हाका मारतोय तिथपर्यंत कथा आली होती. आवाज चढत गेला. समरित उभा राहिला होता, बांधलेला हात छातीपाशी, बोट अर्धवट वर. टाहोची ओळ आली. आवाज चढला, अजून चढला आणि तुटला.

भोंगा नुसता गुणगुणत राहिला. मंडपात कुणीतरी खोकलं, तेही आम्हाला पाण्यावर ऐकू आलं. समरितचं बोट हवेत तसंच. कुणाला दिसणार होतं ते?

"घे रे," तो पुटपुटला. भंते नाही, अहो-जाहो नाही. "घे, बाळा, घे की."

मग भोंग्यात एक मोठा श्वास ऐकू आला. चांगला मोठा, न लाजता घेतलेला, पोहून वर आलेला माणूस घेतो तसा. आणि त्या श्वासावर ती ओळ पुन्हा उचलली गेली. मधूनच, जिथून कुणी उचलत नाही तिथून. हाक मारता मारता बापाचाच गळा दाटून आला आणि मग त्यानं पुन्हा हाक मारली, असंच वाटलं. इतकी वर्षं हा अध्याय ऐकतेय, पण त्या जागी कधी कुणी थांबलं नव्हतं. मंडपातून बायकांचं "साधू, साधू" उठलं. माझी बाही केव्हाच भिजली होती.

"हे तू शिकवलंस?" मी विचारलं.

"नाही." त्यानं बोट खाली घेतलं आणि हाताकडे बघितलं. "तिथे मी नव्हतं शिकवलं थांबायला."

"चल, लावू धक्क्याला?" हारून म्हणाला. "अजून अर्धा अध्याय बाकी असेल. पळत गेलास तर खांब गाठशील."

"नको, बांग. आता मी दिसलो तर त्यांची नजर माझ्याकडे येईल. चाललंय ते चालू दे."

जन्मात कधी मी प्रवचनाला मागे बसले नव्हते. त्या दिवशी मुलांचा अध्याय मी भर समुद्रात, डिझेलच्या डब्यावर बसून ऐकला. बोट लाटांवर हलत होती. ती सोनेरी केसांची बाईसुद्धा, तिला काय कळत होतं कोण जाणे, हात मांडीवर ठेवून ऐकत होती. आवाज अजून दोनदा अडखळला आणि दोन्हीदा आपला आपण सावरला. दुसऱ्यांदा समरितनं बोट वरही केलं नाही.

अध्याय संपला. ढोल वाजला. पुढच्या अध्यायाचे भिक्खू भोंग्यात खाकरायला लागले, तेव्हा समरितनं डोळे पुसले, अंगरखा पिळला आणि विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला.

"लाव धक्क्याला, बांग," तो म्हणाला. "चला मावशी. आमच्या भंतेंच्या पाया पडून येऊ."