मौनताईंची अक्षरपाटी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर पांढऱ्याशुभ्र वेशात मौनताई, मांडीवर चार वर्षांची बबडी आणि पुढ्यात अक्षरं छापलेली पाटी. बबडीनं आजवर एक शब्द उच्चारला नव्हता. पण मौनताईंनी मनगट धरलं की तिचं बोट टणाटण अक्षरांवर पडू लागे, आणि ताई खणखणीत आवाजात वाचून दाखवत, "मी... हजारो वर्षांचा... आत्मा आहे!"

लोकांनी आ वासला. हजारो वर्षांच्या आत्म्याच्या नाकातून शेंबूड गळत होता, पण तिकडे बघतो कोण!

"बाळ मुकं नाही हो, तुम्ही बहिरे आहात!" मौनताई गरजल्या. "मी नुसती तार. वीज तिची!" टाळ्या पडल्या. तारेला टाळ्या आवडत असाव्यात, कारण बोट पुन्हा चालू लागलं. "आई, तू मला खूप आवडतेस. मला डॉक्टरांकडे नेऊ नकोस."

खाली पहिल्या रांगेत बबडीच्या आईच्या डोळ्यांना धार लागली. पहिल्या वाक्यासाठी तिनं जीव टाकला असता. दुसरं मात्र तिला पटेना. कित्येक महिने वाट पाहून बालविकास केंद्रातली तपासणी मिळाली होती, आणि ती परवावर आली होती.

"झालं की मग!" घरी सासूबाईंनी निकाल दिला. "पोरीनंच सांगितलंय. आता कसला डॉक्टर?"

नवऱ्यानं मान डोलावली. आई म्हणाली, "ती पाटीकडे बघतच नव्हती. सगळा वेळ वर पंख्याकडे बघत होती. आमच्या ऑफिसातले साहेब इतकी वर्षं एका बोटानं टाइप करतात, तरी नाक कीबोर्डला टेकलेलं असतं. हिला न बघता जमतं?"

"आत्म्याला डोळे कशाला लागतात?"

"मग आत्म्यालाच नेऊ परवा. मौनताईंनाही बोलवा. डॉक्टरांना ती तोंडावर नाही म्हणू दे."

मौनताई खुशीत आल्या. डॉक्टर पाया पडले तर हवंच होतं.

केंद्रात सतरंजीवर खेळणी मांडली होती. बालरोगतज्ज्ञ बाई, मानसशास्त्रज्ञ आणि वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम असे तिघे चक्क जमिनीवर बसले. बबडीचे कान आधीच तपासून झाले होते, ते ठीक होते. एक जण तिच्याशी खेळे, दुसरा बघे, तिसरी आईबाबांना विचारी: हाक मारली की वळते का? बोट दाखवून काही मागते का? काही बदललं की चिडते का?

"हे तपासतात की खेळतात?" सासूबाई पुटपुटल्या.

"एवढं कशाला विचारता?" मौनताईंनी पाटी काढली. "तीच सांगेल!"

"सांगू दे की," मॅडम हसून म्हणाल्या. त्यांनी दोघींच्या नजरांमध्ये पुठ्ठा उभा धरला. बबडीला एक चित्र दाखवलं, मौनताईंना एक. "बबडे, काय दिसलं?"

मनगट धरलं गेलं, बोट चाललं. 'चमचा.'

"वा!" बाबा उद्गारले.

मॅडमनी पुठ्ठा काढला. चमचा मौनताईंच्या पुढ्यात होता. बबडीपुढे चेंडू होता. पुन्हा केलं, चित्रं बदलली. पुन्हा बोटानं तेच सांगितलं, जे मौनताईंना दिसलं होतं.

"इथल्या लहरी अशुद्ध आहेत," मौनताई म्हणाल्या.

"लहरी राहू द्या," मानसशास्त्रज्ञ म्हणाले. "हात तुमचा चालतो. कधी कधी धरणाऱ्याला स्वतःलाही कळत नाही, पण हात आपल्या मनातलंच लिहितो. आता मनगट सोडून बघा."

मनगट सुटलं. बबडी तडक खेळण्यांकडे गेली. आत्मा पाटीवर एक अक्षरही बोलला नाही. मौनताईंना अचानक दुसरा कार्यक्रम आठवला.

आईनं हळूच विचारलं, "म्हणजे 'तू मला आवडतेस' हेही तिचं नव्हतं?"

"नव्हतं," मॅडम म्हणाल्या. आईला रडू आवरेना. कुणी तिला गप्प केलं नाही.

तेवढ्यात बबडी साबणाच्या फुग्यांची बाटली घेऊन आली. तिनं बाटली आईच्या मांडीत टाकली, आईचा हात धरला आणि झाकणावर ठेवला.

"बघितलंत?" बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "तुमचा हात हे तिचं बोलणं. तिला स्वमग्नता आहे, ऑटिझम. हे या एका खुणेवरून नाही म्हणत. तिघांनी वेगवेगळं पाहिलं, तुमच्याकडून ऐकलं, एकमेकांचं म्हणणं खोडून पाहिलं, मग ठरवलं. हा आजार नाही, शाप तर नाहीच. शिकवायला आत्तापासून लागलो तर तिला खूप मदत होईल."

"पंख्याकडेच बघत होती ती," बाबा खाली मान घालून म्हणाले. "मला कसं दिसलं नाही?"

"लगेच उघडू नका," मॅडमनी आईला सांगितलं. "थोडं थांबा, ती स्वतःहून काय करते ते बघा."

आई थांबली. बबडीनं तिचा हात पुन्हा झाकणावर दाबला, आणि मग क्षणभर मान वर करून थेट आईच्या तोंडाकडे बघितलं. आईनं झाकण उघडलं.

तर मंडळी, उद्या कुणी तुमच्या लेकराचा हात धरून त्याचं मन वाचून दाखवू लागलं, तर टाळ्या नंतर वाजवा. आधी लेकरू कुठे बघतंय ते बघा. आणि त्या माणसाला सांगा, हात सोड.