पाच सेकंदांत नाव

मशीनला दोष देऊ नका, बावा. मशीननं खोटेपणा केला नाही, तो मी केला. त्याला जे लिहून दिलं तेच ते बोललं, आणि लिहून देणारा मी, प्रफुल. तेव्हा वर्ध्यात कोणाच्या ऑफिसात कॉम्प्युटर अडला की मला बोलावणं यायचं, आणि मीही दीडशहाण्यासारखा हवेत असायचो.

२००७ सालची गोष्ट. भैय्याजी नावाचे एक सज्जन देवळीकडच्या खेड्यांसाठी छोटी संस्था चालवत. पावसाळ्यात साप चावून माणसं जात, कारण लस कोणत्या दवाखान्यात आहे, गाडी कोण देईल, हे ऐनवेळी कोणालाच ठाऊक नसायचं. म्हणून त्यांनी हेल्पलाइन काढली आणि काम मला दिलं. फोन मशीन उचलणार. पेशंटचं नाव विचारून टेप करणार. मग ड्यूटीवरच्या डॉक्टरच्या मोबाइलला फोन लावून ते नाव ऐकवणार आणि दोघांना जोडून देणार. यासाठी व्हॉइस-एक्सएमएल म्हणून एक भाषा असते. टोकदार कंसांमध्ये एकेक हुकूम लिहायचा: हे बोल, इतका वेळ ऐक, हे टेप कर, तिकडे जोड. मला ती भाषा भलती आवडली होती, कारण तिच्यात कोणी उलटून बोलत नाही.

मशीनला आवाज माझ्या बायकोचा, रीताचा. घरीच, पंखा बंद करून, घामाघूम होत तिनं वाक्यं म्हटली. 'पेशंटचं नाव सांगा' म्हणून झालं आणि ती थांबली. पेशंट नवराच असला तर खेड्यातली बाई नाव कशी घेईल, असं तिनं विचारलं. मी हसलो. जीव जायची वेळ आली तर घेईल की, म्हटलं. ती म्हणाली, मी तरी कुठं घेते तुमचं? मी म्हटलं, तू पुढचं वाक्य म्हण.

पहिल्याच आठवड्यात ताप झाला. पोट्टे फोन करून गाणी म्हणत. म्हातारे नाव सांगायचं सोडून पूर्ण रामायण ऐकवत. डॉक्टर भैय्याजींवर चिडले. मग मी अक्कल लढवली. नावाला पाच सेकंद. पाचाच्या वर गेला तर तो टाइमपास समजायचा, तिथंच तोडायचं आणि पुन्हा विचारायचं. काहीच नाही बोलला तरी पुन्हा विचारायचं. तीनदा चुकला की फोन बंद. त्या दिवसापासून डॉक्टर खूश, भैय्याजी खूश, आणि मी तर काय विचारता.

ऑगस्टमध्ये देवळीजवळच्या एका खेड्यात कैलास नावाचा भाजीवाला शेतकरी साप चावून गेला. सकाळी साडेसहाला भेंडी तोडताना त्याला साप चावला. त्याची आई कुंताबाई पहिली खेप घेऊन देवळीच्या बाजारात गेली होती. वावरात त्याची बायको आचल एकटी. लग्नाला सहा महिने झालेले. तिनं त्याच्याच खिशातला मोबाइल काढून हेल्पलाइनला लावला होता, असं तिचं म्हणणं. मग रोडवर धावत जाऊन तिनं एक मिनीडोर, तीनचाकी सवारी गाडी, थांबवली, पण वर्ध्याला पोचेपर्यंत उशीर झाला.

मी त्याच संध्याकाळी टेप काढली. मशीन उचलल्यापासून ठेवेपर्यंत सगळं टेप करायचं.

पहिल्यांदा रीताचा आवाज: 'पेशंटचं नाव सांगा.' त्यावर नुसता धापा टाकल्याचा आवाज. नाव मिळालं नाही म्हणून मशीननं पुन्हा विचारलं. आता आचल घाईघाईनं बोलली, आमच्या घरचे हायेत जी, त्यायले पान लागलं, वावरात पडून हायेत... आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. पाच सेकंद झाले, मशीननं तोडलं. तिसऱ्यांदा विचारलं: 'पेशंटचं नाव सांगा.' लेकरू असतं तर अमक्याचे बाबा म्हणून भागलं असतं. तिला नाव घ्यायची एकच रीत माहीत होती. ती उखाण्याची. लग्नात घेतलेला, पाठ असलेला उखाणा ती पोरगी मशीनला म्हणू लागली. रडत, हुंदका गिळत:

"हिरव्या हिरव्या भेंडीले पिवळं पिवळं फूल..."

आणि पाच सेकंद संपले. 'धन्यवाद. कृपया पुन्हा प्रयत्न करा,' असं रीता म्हणाली आणि फोन बंद.

मी ती टेप तीनदा ऐकली. मग पाचाचे वीस सेकंद केले, चुपचाप, कोणाला न सांगता. म्हणजे चूक कुठं होती ते मला कळलं होतं. कळलं नाही असं म्हणायची सोयच मी ठेवली नाही.

तेरवी झाल्यावर कुंताबाई संस्थेत आली. उभी राहूनच तिनं मला सरळ विचारलं, की माझ्या सुनेनं फोन केला होता का नाही. भैय्याजी माझ्याकडे पाहत होते. पुढच्या वर्षी हेच काम चार तालुक्यांत जाणार होतं. मी रिपोर्टची पानं उलटली आणि म्हटलं, "त्या दिवशी डॉक्टरले जोडलेला एकबी फोन नाई, मावशी." शब्दाला शब्द खरं होतं. असलं खरं बोलण्यापेक्षा जीभ झडलेली बरी.

कुंताबाईनं घरी जाऊन आचलला बाहेर काढलं. पोरगी हातपाय गाळून बसली आणि वर खोटं बोलली, असं गावभर झालं. ती माहेरी गिरडला गेली. हे सगळं माझ्या कानावर येत होतं आणि मी चार तालुक्यांचं काम करत होतो. रात्री जेवताना रीतानं 'ऐकता का' म्हटलं तरी मी ताट सोडून उठायचो.

एप्रिलमध्ये भैय्याजींनी जुन्या टेपा पुसून टाकायला सांगितलं, डिस्क भरली होती. मी घरी बसून पुसत होतो. आचलची टेप आली, ती पुसली नाही. मी पुन्हा ती लावली. मागं रीता केव्हा येऊन उभी राहिली, कळलं नाही. तिनं पूर्ण ऐकली. ओरडली नाही, मी सांगितलं होतं ना, असंही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली:

"आवाज माहा हाये. म्हणजे त्या पोरीचा फोन म्याच कापला."

आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी लाजेनं मेलो, खोटं नाही सांगत. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन गिरडची बस पकडली.

आचल अंगणात गहू पाखडत होती. मी सगळं सांगितलं. पाच सेकंद, टेप, कुंताबाईसमोर बोललेलं वाक्य, काही ठेवलं नाही. पाया पडायला वाकलो तर ती मागं सरकली. मी लॅपटॉप उघडला तर तिनं हातानं थांबवलं.

"मले काऊन ऐकवता? मी काय बोलली ते मले मालूम हाये. माह्या सासूले ऐकवा."

गिरडहून वर्धा, वर्ध्याहून देवळी, दोन बसा बदलल्या. ती पूर्ण रस्ता खिडकीबाहेर पाहत होती. मी एकदा पाणी विचारलं, तिनं मानेनंच नको म्हटलं.

कुंताबाई ओट्यावर भेंडी निवडत होती. सुनेला पाहून तिचं तोंड कडू झालं. मी मध्ये पडलो आणि म्हटलं, मावशी, मी तुमच्याशी लबाडी केली, आधी हे ऐका. ओट्यावरच लॅपटॉप ठेवला.

'पेशंटचं नाव सांगा.' धापा. 'पेशंटचं नाव सांगा.' त्यायले पान लागलं जी. कुंताबाईच्या हातातली भेंडी खाली गेली. तिसऱ्यांदा रीतानं विचारलं, आणि आचलचा उखाणा सुरू झाला. हिरव्या हिरव्या भेंडीले पिवळं पिवळं फूल. मग तिचा आवाज तुटला.

टेपमधल्या त्या जराशा रिकाम्या जागेत कुंताबाई बोलली, लॅपटॉपच्या अगदी जवळ तोंड नेऊन, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं:

"कैलास. कैलास नाव हाये त्याचं."

'धन्यवाद. कृपया पुन्हा प्रयत्न करा,' मशीन म्हणालं.

आचल ओट्याच्या पायरीवर बसली आणि रडू लागली. आठ महिन्यांत पहिल्यांदा रडली, असं नंतर तिच्या आईनं मला सांगितलं. कुंताबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो उचलला नाही. मग माझ्याकडे पाहिलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्या घेतलं ना नाव आता?" ती म्हणाली. "मंग लाव फोन."