आठवीचा वर्ग

पहिली काठी मनिषच्या खांद्यावर बसली तेव्हा देवकाबाई खिचडीच्या गंजावरचं झाकण काढत होती. दुसरी डोक्यात बसली. पोरगं समाजमंदिराच्या पायरीवरून तोंडघशी खाली आलं. मग तिनं काठी धरणाऱ्याकडे पाहिलं. तो प्रितम होता, तिचा एकुलता मुलगा.

गावातली सरकारी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे सानगडीला जायचं तर मधे जंगल. त्या वाटेनं मुलींना कोणी धाडत नसे. सातवी झाली की त्या धानाच्या रोवणीला जात, मग सासरी. शाळेतल्या मेघा मॅडमनी भांडून आठवी मंजूर करून आणली आणि खोली नव्हती म्हणून समाजमंदिरात वर्ग भरवला. मुलं-मुली एकाच सतरंजीवर. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या देवकाबाईनं सगळ्यांच्या आधी आपली गुड्डी तिथे घातली. तिचा नवरा टिकाराम कुरकुरून गप्प बसला. प्रितम गप्प बसला नाही. तुझी बहीण पोरांच्या मांडीला मांडी लावून शिकते, असं पानठेल्यावर सोबती त्याला चिडवत. त्यात वर्गातल्या मनिषनं गुड्डीला एकदा सायकलवर मागे बसवून आणलं. त्या संध्याकाळी प्रितमनं बहिणीला पट्ट्यानं फोडून काढलं. दुसऱ्या दिवशी सुजल्या तोंडानं ती पुन्हा वर्गात जाऊन बसली. तेच त्याच्या डोक्यात गेलं.

पडलेल्या मनिषपुढे मेघा मॅडम आडव्या आल्या. प्रितमनं त्यांच्याही हातावर काठी घातली. हाड मोडल्याचा आवाज चुलीपर्यंत आला. समोर पारावर माणसं बसली होती. एकही जण उठला नाही.

देवकाबाई खिचडी ढवळायचा सराटा घेऊन धावली.

"माय, बाजूले हो," प्रितम म्हणाला. "याले आज सोडत नाही मी."

उकळत्या खिचडीतून काढलेला तो लोखंडी सराटा तिनं त्याच्या तोंडावर हाणला. तो कळवळून खाली बसला. काठी सुटली, तरी ती मारत राहिली, दोन्ही हातांनी. गुड्डीनं कमरेला मिठी घालून मागे ओढलं, तेव्हा थांबली.

पोलीस आले तेव्हा पारावरच्या कोणीच काही पाहिलं नव्हतं. घरात टिकाराम बायकोच्या पाया पडला. एकच पोरगा आहे, तू फक्त तोंड उघडू नको, म्हणाला. ती त्याला ओलांडून बाहेर आली.

"मी पाह्यलं," तिनं हवालदाराला सांगितलं. "माह्या पोट्ट्यानं मारलं. लिवून घ्या."

पुढे कोर्टातही ती तेच बोलली. प्रितमला शिक्षा झाली. टिकाराम भावाकडे राहायला गेला. तिच्या हातचं तो पुन्हा कधी जेवला नाही. मनिष वाचला, पण उजवा हात लुळा पडला.

वर्ग मात्र त्या मारहाणीनंतर लगेच ओस पडला. एकेका बापानं मुलगी काढून घेतली. मॅडम प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून रिकाम्या सतरंजीसमोर बसत. गुड्डीही घराबाहेर पडेना. माझ्यापायी भाऊ जेलात गेला, म्हणायची.

"तुह्यापायी नाही गेला," देवकाबाई म्हणाली. "काठीपायी गेला. ऊठ."

पोरीचा हात धरून ती भर गावातून निघाली. पारावरून कोणी थुंकलं. एक दगड पाठीत बसला. तिनं वळून पाहिलं नाही. गुड्डीला वर्गात बसवून ती थेट मनिषच्या घरी गेली. त्याची आई बेबीबाई दार उघडेना. देवकाबाई दिवस मावळेपर्यंत त्या दाराशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी बेबीबाई मनिषला स्वतः वर्गात सोडून गेली. देवकाबाईशी ती बोलली नाही.

मग हळूहळू बाकीच्या पोरी परतल्या. नववी आली, दहावी आली. गायरानावर पक्क्या खोल्या उठल्या आणि आसपासच्या गावांतून मुली येऊ लागल्या. मनिष डाव्या हातानं पेपर लिहून दहावी झाला. गुड्डी पुढे नर्सिंगला गेली.

प्रितम सुटला हे देवकाबाईला कोणी कळवलं नाही. एका दुपारी लाखांदूरकडून आलेली एसटी शाळेसमोर थांबली आणि तो तिला खिडकीत दिसला. गालफडं बसली होती. तो त्या लांबलचक इमारतीकडे बघत होता, मग तिच्याकडे. ती हात पुसत फाटकापर्यंत गेली. प्रितमनं काच ओढून घेतली.

एसटी निघून गेली तरी ती फाटक धरून उभी होती. मागे खिचडीसाठी पोरांची रांग वाढत चालली होती. पुढच्या पोरीनं भूक लागल्याचं सांगितलं, तशी ती परत आली आणि वाढायला बसली.